बार स्टूल विकायचंय? आधी ग्राहकाचा ओटा मोजा



या आठवड्याचा व्हिडिओ बार स्टूलवर आहे. व्हिडिओत बारा मिनिटांत जेवढं बसलं तेवढं सांगितलं. मापं, मटेरियल आणि पैशाचा हिशोब मात्र बोलण्यापेक्षा लिहिलेला बरा, म्हणून तो इथे देतोय. वही-पेन घेऊन बसा, आकडे बरेच आहेत.

"सर, बार स्टूलमध्ये धंदा आहे का?" हा प्रश्न गेल्या काही बॅचपासून सारखा येतोय. आहे. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी, कुठेही नवीन फ्लॅट बघायला जा. किचन ओपन असतं, मधे एक काउंटर असतो आणि बिल्डरच्या थ्रीडी चित्रात त्या काउंटरपुढे दोन उंच स्टुलं मांडलेली असतात. चावी हातात आली की ग्राहक ती दोन स्टुलं शोधायला बाहेर पडतो. फर्निचरचं मोठं दुकान त्याला सोफा आणि बेड दाखवत बसतं, दोन स्टुलांसाठी तिथे कोणाला वेळ नसतो. ऑनलाइन बघितलं तर फोटो झकास, पण बसल्यावर कसं वाटेल ते कळत नाही. तिथे तुमच्यासारख्या छोट्या विक्रेत्याला वाव आहे.

पण उडी मारायच्या आधी एक गोष्ट ऐका. माझ्या बॅचला इचलकरंजीचा एक मुलगा होता. यंत्रमागावर नोकरी, चार वर्षं साठवलेले पैसे, वर बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेल्यातले थोडे उचललेले. त्याने एका होलसेलरकडून चाळीस स्टुलं उचलली. एकच मॉडेल, कारण चाळीस घेतली तर रेट कमी. सीटची उंची तीस इंच, दिसायला एक नंबर. तीन महिन्यांत नऊ विकली गेली आणि नवातली चार परत आली. प्रत्येक ठिकाणी तक्रार तीच : स्टुलावर बसलं की मांड्या ओट्याखाली जातच नाहीत.

त्याचा माल खराब नव्हता. ओट्याची उंची त्याने विचारली नव्हती, एवढंच.

तीन उंच्या, आणि त्यातली आपली वेगळी

परदेशी कॅटलॉगमध्ये दोनच जाती असतात. छत्तीस इंची किचन काउंटरसाठी काउंटर स्टूल, सीट साधारण २४ ते २६ इंच. आणि चाळीस-बेचाळीस इंची बारसाठी बार स्टूल, सीट २८ ते ३० इंच. आपल्याकडे येणारा रेडीमेड माल याच मापात येतो, कारण साचे तिकडच्या मापाचे.

आता आपल्या घरात बघा. कोणी ओटा म्हणतं, कोणी कट्टा म्हणतं, पण स्वयंपाकाची ती जागा बहुतेक घरांत बत्तीस ते चौतीस इंच उंच असते. घरातल्या बाईच्या उंचीला पोळ्या लाटताना सोयीचं पडावं म्हणून गवंडी वर्षानुवर्षं तेवढीच ठेवत आलाय. ब्रेकफास्ट काउंटर करताना ग्रॅनाइटवाला बऱ्याचदा त्याच लेव्हलला सरळ ग्रॅनाइट पुढे ओढतो. म्हणजे तुमच्या ग्राहकाचा काउंटर छत्तीसही नाही, बेचाळीसही नाही, तो चौतीस आहे.

नियम सोपा. काउंटरच्या वरच्या पृष्ठभागापासून दहा ते बारा इंच खाली सीट पाहिजे. चौतीसच्या ओट्याला बावीस ते चोवीसची सीट. छत्तीसला चोवीस ते सव्वीस. चाळीसला अठ्ठावीस ते तीस. आता इचलकरंजीचा हिशोब करा : चौतीस वजा तीस, उरले चार इंच. ग्रॅनाइटची कड डबल केली असेल तर त्यातला दीड इंच तीच खाते. उरलेल्या अडीच इंचात कोणाची मांडी जाणार?

आणखी एक प्रकार असतो. काही आर्किटेक्ट ओट्याच्या मागे सहा-आठ इंच उंच पट्टी घेतात, म्हणजे हॉलमधून भांड्यांचा पसारा दिसू नये. तिथे उंची चाळीस-बेचाळीस होते आणि तीसची सीट बरोबर बसते. त्यामुळे "सर, कोल्हापुरात कुठली साइज चालते?" असं मला विचारू नका. घर बघून ठरतं.

ग्राहकाकडून तीन मापं घ्यायची. फरशीपासून काउंटरच्या वरपर्यंत. फरशीपासून काउंटरच्या खालच्या कडेपर्यंत. आणि काउंटर पुढे किती लोंबतोय, म्हणजे खाली गुडघे जायला जागा किती. हे तिसरं माप सगळे विसरतात. बसणाऱ्याच्या बाजूला ग्रॅनाइट किमान दहा-बारा इंच बाहेर हवा. आपल्याकडे ओट्याखाली थेट ट्रॉली किंवा शटर असतात, ग्रॅनाइट जेमतेम इंचभर पुढे. अशा ओट्यापुढे तुम्ही सोन्याचं स्टूल ठेवलं तरी माणूस गुडघे आपटत तिरका बसणार. तिथे सरळ सांगा, "वहिनी, इथे स्टूल बसत नाही. आधी ग्रॅनाइटवाल्याकडून पट्टी वाढवून घ्या, मग मी स्टूल देतो." एक विक्री गेली असं वाटेल, पण तुमच्याकडून पट्टीचं माप घेऊन गेलेला माणूस स्टुलासाठी दुसरीकडे सहसा जात नाही.

मापं व्हॉट्सअ‍ॅपवर फोटोने मागवा. टेप लावलेला फोटो. नुसता आकडा सांगितला तर तो अंदाजे असतो, आणि काही लोक फरशी बसायच्या आधीचं माप सांगतात. फरशी आणि खालचा मसाला मिळून दोन-अडीच इंच सहज चढतात आणि सगळं गणित हलतं.

किती स्टुलं लागतील? एका माणसाला दोन फूट धरा, एका सीटच्या मध्यापासून दुसऱ्या सीटच्या मध्यापर्यंत. पाच फुटी काउंटरला दोन, सहा फुटीला तीन. ग्राहक पाच फुटांत तीन मागतो. द्या, पण हाताच्या आणि फिरत्या स्टुलांचा हट्ट तिथे मोडून काढा, नाहीतर कोपराला कोपर लागणार. मागून ये-जा असेल तर स्टुलामागे तीन फूट मोकळे पाहिजेत.

त्या मुलाचं पुढे काय झालं, ते इथेच सांगून टाकतो. त्याची स्टुलं चौकोनी पाइपची होती, त्यामुळे पाय कापता आले. उद्यमनगरात एका फॅब्रिकेटरकडे वीस स्टुलांचे पाय सात-सात इंचांनी कमी केले, कापलेल्या तोंडाला प्रायमर आणि रंग मारला, नवीन रबरी बुश बसवले. सीट तेवीसवर आली. पाय ठेवायची दांडी जमिनीपासून बारा इंचांवर होती ती पाचवर आली, पण सीट आणि दांडीतलं अंतर तेच राहिल्यामुळे बसायला काही फरक पडला नाही. ती वीस गेली. खर्च वजा जाता फायदा फार उरला नाही, पण बहिणीच्या लग्नाचे पैसे परत जागेवर गेले. कॅफेत दिसतात तसली पत्र्याची दाबीव स्टुलं असती तर हे जमलं नसतं. त्यांचे पाय वरून खाली पसरत जातात आणि तळाशी घडी असते. कापली की गेली. (ती डिझाइन मूळची फ्रान्सची. झेवियर पोशार नावाच्या पत्रेकाम करणाऱ्या कारागिराने टोलिक्स या ब्रँडखाली १९३४ मध्ये त्या घाटाची खुर्ची काढली. आपल्याकडे मिळतात त्या जवळपास सगळ्या तिच्या नकला.)

आधी विचारा, घरात कोण कोण आहे

रंग, डिझाइन, बजेट नंतर. पहिला प्रश्न : "बसणार कोण?"

तरुण जोडपं असेल तर काहीही चालतं. घरात आजी-आजोबा असतील तर तीस इंची स्टूल त्यांच्यासाठी नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाने दांडीवर पाय देऊन चढायचं आणि उतरताना पाय जमिनीला लागत नाहीत म्हणून घाबरायचं, हे रोज होणार नाही. तिथे एक तरी साधी खुर्ची शेजारच्या टेबलाला ठेवा म्हणून सुचवा. लहान मुलं असतील तर चाकाचं स्टूल अजिबात नाही आणि गोल फिरणारंही शक्यतो नाही. मुलांना ती मेरी-गो-राउंड वाटते. ओट्यावर कुकर, गॅसवर फोडणी आणि बाजूला फिरणारं स्टूल, हे चित्र डोळ्यासमोर आणा. पाठ असलेलं, चार पायांचं, स्थिर स्टूल द्या, भले ते तुमच्या सगळ्यात महागड्या मॉडेलपेक्षा हजाराने स्वस्त असो.

साडी नेसणाऱ्या बायकांना पाय ठेवायची गोल रिंग आवडत नाही, पदर किंवा निऱ्या अडकतात. सपाट दांडी पुढे एकच हवी. हे मला दुकानात आलेल्या एका काकूंनी दाखवलं, कुठल्या कॅटलॉगने नाही.

पाय ठेवायला जागा हवीच. आपण कोल्हापूरकर कट्ट्यावर पाय लोंबकळत सोडून तासन् तास गप्पा मारतो हे खरं, पण कट्टा रुंद असतो आणि आपण बूड हलवत असतो. स्टुलाची सीट लहान. पाय अधांतरी राहिले की मांडीच्या खालच्या बाजूला दाब येतो आणि दहा मिनिटांत मुंग्या. सीटपासून दांडी सोळा ते अठरा इंच खाली हवी. घरात सगळे बुटके असतील तर सोळाच. रोज पाय घासून दांडीवरचा रंग सगळ्यात आधी जातो, म्हणून तिथे स्टेनलेसची पट्टी किंवा स्टेनलेसचीच दांडी मागा. दिसायला किरकोळ गोष्ट आहे, पण दोन वर्षांनी ग्राहकाच्या घरी गेलात तर त्या दांडीवरूनच तुमचं नाव निघतं.

हायड्रॉलिकचा मोह

खालीवर होणाऱ्या स्टुलाला दुकानात सगळे हायड्रॉलिक म्हणतात. आत तेल नाही, नायट्रोजन गॅस असतो. ग्राहकाला ते दाखवलं की तो खूश होतो, आणि नवीन विक्रेत्यालाही वाटतं की चला, मापाची कटकट मिटली. पूर्ण मिटत नाही. अशी बरीच स्टुलं साधारण चोवीस ते बत्तीस इंचांत खालीवर होतात, म्हणजे चौतीसच्या ओट्याला ती सगळ्यात खालच्या पातळीवरच वापरावी लागतात.

यात तीन गोष्टी बघा. तळाची तबकडी किती रुंद आणि किती जड. तबकडी लहान आणि सीट मोठी असेल तर ते स्टूल विकू नका, माणूस मागे रेलला की स्टूल त्याच्यासकट जातं. दुसरं, गॅस सिलिंडरचा क्लास. नळीची जाडी क्लासवर ठरते, क्लास तीनपेक्षा चार दणकट. तिसरं, सिलिंडर बसला तर बदलून मिळेल का? होलसेलर "हो हो" म्हणतो. त्याच्याकडून पहिल्या ऑर्डरबरोबरच दोन सुटे सिलिंडर विकत घेऊन ठेवा. देत नसेल तर काय समजायचं ते समजा.

आणि क्रोम. शोरूममध्ये आरशासारखी चमकणारी तबकडी फरशी पुसायच्या ओल्या फडक्याच्या रोज संपर्कात येते. कड आधी गंजते आणि मग पांढऱ्या टाइल्सवर तांबड्या रंगाची गोल खूण. भांडण त्या खुणेवरून होतं, स्टूल बाजूलाच राहतं.

लोखंडाचं गणित

इथे कोल्हापूरच्या माणसाला जन्मजात फायदा आहे. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव. लोखंड कापणारे, वाकवणारे, जोडणारे, रंगवणारे हात आपल्या उंबऱ्यापाशी आहेत. ज्या गावात ऑइल इंजिनं बनली तिथे स्टुलाचे चार पाय अवघड नाहीत. शिवाय ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरात महामार्ग शिरोलीजवळ बंद पडला होता, तेव्हा बाहेरून येणारा माल अडकला. गावात बनणाऱ्या मालाला निदान ती भीती कमी.

पण फॅब्रिकेटरकडे जाताना भाषा यायला हवी. "मजबूत बनव" याला काही अर्थ नाही. गेज सांगा.

एक इंची चौकोनी पाइप धरू. सोळा गेज म्हणजे साधारण १.६ मिलिमीटर जाडी, अठरा गेज म्हणजे १.२. सोळा गेजचा एक मीटर पाइप भरतो साधारण १.१८ किलो, अठरा गेजचा ०.९ किलो. तीस इंची सीटच्या स्टुलाला चार पाय, वरची चौकट, पाय ठेवायच्या दांड्या, सगळं मिळून जवळपास सहा मीटर लागतो, म्हणजे बाजारात मिळतो तो एक पूर्ण पाइप. सोळा गेजचा सांगाडा सात किलोच्या आसपास, अठराचा साडेपाचच्या थोडा खाली. फरक दीड ते पावणेदोन किलो. त्या दिवशीचा लोखंडाचा किलोचा भाव विचारा, पावणेदोनने गुणा, आणि तुमच्या फॅब्रिकेटरने "थोडं कमी करून देतो" म्हणताना नेमकं काय कमी केलं ते कळेल. तयार स्टूल काट्यावर ठेवायची सवय लावा. सांगाडा साडेपाच भरला आणि बिल सोळा गेजचं असलं तर बोलायला आकडा हातात असतो.

वेल्डिंग उलटं करून बघा. स्टूल पालथं घालायचं आणि जोड तपासायचे. चारी बाजूंनी फुल वेल्ड आहे की नुसते टाके मारलेत? टाके मारून वर पुट्टी आणि रंग दिला की वरून छान दिसतं, सहा महिन्यांत कुरकुर सुरू. मग सपाट फरशीवर ठेवून चारी कोपरे दाबा, डुगडुगतंय का बघा. शेवटी दांडीवर एका बाजूला उभे राहा. हो, स्वतः उभे राहा, भिंतीला हात लावून. ग्राहक बल्ब बदलताना हेच करणार आहे, तुम्ही कितीही सांगा.

रंगाचं म्हणाल तर पावडर कोटिंगच घ्या, पण पावडरपेक्षा आधीची धुलाई महत्त्वाची. तेल काढणं, गंज काढणं, फॉस्फेटचा थर देणं, हे टाकीत बुडवून होतं. "सात टाकी प्रोसेस आहे का?" एवढं विचारलं तरी समोरचा सावध होतो. गंजावरच पावडर मारून भट्टीत घातली तर पहिल्या पावसाळ्यात फोड येतात.

सीट : इथे फसवणूक दिसत नाही

स्वयंपाकघरात फोडणीची वाफ असते, तेलाचा चिकटा असतो आणि आपल्या घरात हळद असते. कापडी सीट तिथे सहा महिन्यांत काळपट होते. पांढरं रेक्झिन तर हळदीचं आमंत्रणच. गडद रंग, पुसता येणारं मटेरियल, शिलाई कमी.

रेक्झिनमध्ये दोन प्रकार येतात, पीव्हीसी आणि पीयू. पीयू मऊ, हाताला चामड्यासारखं, म्हणून महाग विकलं जातं. पण स्वस्तातलं पीयू आपल्या दमट हवेत दोन-तीन वर्षांत पापुद्रे सोडायला लागतं. जुन्या सोफ्याच्या हातावर बघितलं असेल तुम्ही. चांगल्या जाडीचं पीव्हीसी दिसायला थोडं साधं, पण टिकतं. मी स्वतः किचनसाठी पीव्हीसी नाहीतर सरळ लाकडाची उघडी सीट सुचवतो.

गादीखाली काय आहे ते विचारा. प्लाय आहे की पार्टिकल बोर्ड? पार्टिकल बोर्डात स्क्रू एकदा ढिला झाला की परत धरत नाही, मग सीट पायांपासून सुटी. फोम बत्तीस डेन्सिटीच्या खाली नको. बोटाने दाबून बघायचं नाही, बसून बघायचं. दहा मिनिटं, मोबाइल बघत.

लाकडात सागवान उत्तमच, पण भाव उत्तमापलीकडे. बाभूळ दणकट, आपल्याकडे बैलगाड्या आणि औतं त्याचीच व्हायची. रबरवुड घरात छान, बाहेर नको. टिंबर मार्केटला एक चक्कर मारा आणि कापातले छोटे तुकडे विचारा. सीटला लागणारा तुकडा लहान असतो, मोठ्या कामातून उरलेल्यात तो सुटतो.

चामड्याच्या पट्ट्यांची विणलेली सीट करून बघावी असं मला बऱ्याच दिवसांपासून वाटतंय. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय मिळाला, २०२५ च्या जूनमध्ये प्राडाने मिलानमध्ये तसल्याच चपला दाखवल्या आणि केवढा गदारोळ झाला. ते चामडं आणि ते हात आपल्या गावात आहेत. स्वयंपाकघरात नाही चालणार, ओल लागली की बुरशी येईल. पण होम बारपुढे, कोरड्या खोलीत, काय दिसेल! कोणी करून बघणार असेल तर मला सांगा. फक्त जीआय चपलेचा आहे, स्टुलाच्या टॅगवर त्याचं नाव चिकटवू नका.

होम बार, आणि बाहेरची बैठक

होम बार मागणारा ग्राहक आपल्याकडे कधी होम बार म्हणत नाही. तो जरा आवाज खाली करून "पार्टी कॉर्नर करायचाय" म्हणतो. तुम्हीही पार्टी कॉर्नरच म्हणा. इथे काउंटर बेचाळीस इंचांचा असतो, तीस इंची सीट लागते, आणि लोक दहा मिनिटं नाही तर दोन-तीन तास बसतात. म्हणून पाठ असलेलं स्टूल, चांगली गादी, आणि चार पायांचा किंवा जड तळाचाच सांगाडा. का ते सांगायची गरज नाही. हा ग्राहक पैशाला मागेपुढे बघत नाही, चार स्टुलं एकदम घेतो आणि त्याच्याकडे आलेले पाहुणे तुमचे पुढचे ग्राहक असतात. जरा जीव लावून काम करा.

गच्ची, टेरेस, पन्हाळा रोडचं फार्महाऊस, राधानगरी-गगनबावड्याकडचं घर, इथे खेळच वेगळा. शहरात पाऊस पडतो, गगनबावड्याला पाऊस राहायला येतो. पत्र्याखाली ठेवलं तरी तिरपा पाऊस आत येतो. उघड्यावर गादीचं स्टूल देऊच नका. गादी हवीच असेल तर सुटी, काढून आत नेता येणारी. सीट पट्ट्यांची ठेवा, म्हणजे पाणी वाहून जातं. पाइपची तोंडं वेल्ड करून बंद करा आणि तळाला पाणी निघायला बारीक भोक ठेवा, कारण पाइप रंगाखालून नाही तर आतून गंजतो.

मालवण, वेंगुर्ला किंवा गोव्याच्या होमस्टेची ऑर्डर आली तर लोखंड विसरा. खाऱ्या हवेत पावडर कोटिंगला एक ओरखडा पुरतो. ३०४ ग्रेडचं स्टेनलेस द्या, आणि ते ३०४ च आहे याची खात्री करून घ्या. चुंबक चिकटत नाही म्हणजे ३०४, हा गैरसमज आहे. स्वस्त २०२ ला पण चुंबक चिकटत नाही. ग्रेड तपासायचं थेंबाचं लिक्विड मिळतं, थेंब टाकला की रंगावरून कळतं. भंगारवाल्यांना ते बरोबर माहीत असतं, आपल्याला नसतं.

वेताची किंवा बांबूची स्टुलं पडवीत सुंदर दिसतात, पावसात नाही. त्यात एक हिशोबाचा मुद्दा आहे : पूर्ण बांबू किंवा वेताच्या फर्निचरवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. लोखंडी आणि लाकडी स्टुलांवर १८ आहे. ग्राहकाला अंतिम किमतीत हा फरक जाणवतो.

पैसे किती अडकवायचे

चाळीस नाही. सहा. बावीस-तेवीसची दोन, पंचविसाची दोन, तीसची दोन. ती विकायची नाहीत, बसवून दाखवायची. ग्राहक शनिवारी जोडी घरी नेतो, रविवारी बसतो, सोमवारी ऑर्डर देतो. अर्धा अ‍ॅडव्हान्स घ्यायचा, त्यातून फॅब्रिकेटर आणि कोटिंगवाला भागवायचा, आठ-दहा दिवसांत माल द्यायचा. तुमचं भांडवल सहा नमुन्यांत आणि एका चांगल्या टेपमध्ये.

समजा एक स्टूल तुम्हाला दारात १,९०० ला पडलं आणि कर सोडून ३,००० ला विकलं. सुटले १,१००. आता ते परत आलं. टेम्पो जाऊन-येऊन ४००, ओरखडे पडले म्हणून पुढच्या ग्राहकाला ५०० कमी केले, तुमचा अर्धा दिवस गेला. अकराशेतले नऊशे गेले. म्हणजे दहा स्टुलांत दोन परत आली तरी दोघांचा नफा पुसला जातो, आणि हे माल शाबूत परत आला तर. ऑनलाइन विकणाऱ्यांनी कुरिअरचा व्हॉल्युमेट्रिक हिशोब आधी करावा : लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बऱ्याच कंपन्या पाच हजारांनी भागतात. ४५ बाय ४५ बाय ८० चं खोकं ३२ किलोचं धरलं जातं, आत स्टूल आठ किलोचं असलं तरी. पाय सुटे होणारं डिझाइन करा, नाहीतर ऑनलाइनचा नाद सोडा.

वस्तू विकणाऱ्याला महाराष्ट्रात चाळीस लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण कोल्हापूरकरांनी लक्षात ठेवा, निपाणी कर्नाटकात आहे आणि पणजी गोव्यात. परराज्यात एक स्टूल विकलं तरी नोंदणी लागते. तसंच खुर्च्या आणि स्टुलांसाठी आयएस १७६३२ हे मानक आहे, आणि केंद्राने फेब्रुवारी २०२५ मध्ये फर्निचरसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला. तुमच्या आकाराच्या उद्योगाला तो कसा लागू होतो ते बीआयएसच्या साइटवर किंवा सीएकडे आत्ताच विचारून घ्या, माल बनवून झाल्यावर नाही.

बिलावर फक्त "बार स्टूल, नग २" लिहू नका. लिहा : सीटची उंची २३ इंच, ग्राहकाचा काउंटर ३४ इंच, माप ग्राहकाने फोटोने दिले, तारीख. पाइपचा गेज लिहा, सीटचं मटेरियल लिहा. माल पोचवताना एक अ‍ॅलन की आणि चार जास्तीचे रबरी बुश पाकिटात घालून द्या, आणि मोबाइलमध्ये तीन महिन्यांनंतरचा रिमाइंडर लावा. त्या दिवशी फोन करून एवढंच विचारा, "काकू, स्टुलाचे नट एकदा आवळून देऊ का येऊन?" आणि जाताना टेप बरोबर न्या. त्यांच्या शेजारणीचा ओटाही बहुतेक मोजायचा असतो.